तक्रार सिद्ध झाली नाही, की उलटी केस?

"सिद्ध करता आलं नाही तर तोच तुझ्यावर अब्रुनुकसानीची केस टाकेल. मग घाल कोर्टात खेटे." सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणाऱ्या एका ताईंना हे इतक्या जणांनी ऐकवलं, की लैंगिक छळाच्या तक्रारीचा अर्ज चार घड्या होऊन डब्याच्या पिशवीतच राहिला. घड्यांवर हळदीचे डाग पडले.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात, कलम 14 मध्ये, खोट्या तक्रारीवर कारवाई आहे खरी. लोक तेवढंच सांगत सुटतात! त्याच कलमात पुढे म्हटलंय, की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून कारवाई होत नाही. दुष्ट हेतू चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

बदनामीचं म्हणाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अपवाद आहे: अधिकार असलेल्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलात, तर मात्र हा आधार नाही.

दावा टाकायला कुणाला मज्जाव नाही, हेही खरं. सूडाचे दावे सुरुवातीलाच निकाली काढणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. लैंगिक छळाबद्दल जाहीर लिहिलं म्हणून पत्रकार प्रिया रामाणींवर तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी 2018 मध्ये बदनामीचा दावा केला. त्या निर्दोष ठरल्या 17 फेब्रुवारी 2021 ला.

अडतीवर 10 पेक्षा कमी माणसं असतील तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत घटनेपासून 3 महिने, सबळ कारण असेल तर आणखी 3.