अंतर्द्वंद्व (कथात्म साहित्यातील पात्रांचे)

कथा, कादंबरी किंवा नाटकातील एकाच पात्राच्या मनात दोन विरुद्ध ओढी एकाच वेळी जाग्या असतात आणि एकीचे ऐकले तर दुसरीचा घात होतो, अशा अवस्थेला अंतर्द्वंद्व म्हणतात. मनःसंघर्ष, आंतरिक संघर्ष हे पर्यायी शब्द. बोलण्यात मात्र ‘घालमेल’ हा शब्द चालतो आणि तोच जास्त नेमका वाटतो; माणूस एका जागी बसू शकत नाही, हे त्यात ऐकूच येते.

दोन्ही ओढी पात्राच्या स्वतःच्या असाव्या लागतात. सज्जन नायकाला लाच घ्यावी की नाही असा प्रश्न पडला, तर वाचकाला उत्तर आधीच ठाऊक असते. ते द्वंद्व नसून उशीर असतो. पात्र सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे वागते, एवढ्यानेही द्वंद्व होत नाही. ती बहुधा लेखकाची विसंगती असते.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन (१८९०–१९४७) यांनी अशा ओढींचे प्रकार सांगितले. दोन हव्याशा गोष्टींतून एकच मिळणे, दोन नकोशा गोष्टींतून एक पत्करावी लागणे, आणि एकच गोष्ट हवीशीही असणे व नकोशीही असणे. मराठीत दुसऱ्यासाठी ‘इकडे आड, तिकडे विहीर’ आणि तिसऱ्यासाठी ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं’ हे आधीपासूनच आहे. कथेला सर्वांत उपयोगी पडतो तो तिसरा प्रकार, कारण त्यात पात्र त्या गोष्टीभोवती घुटमळत राहते.

संस्कृत काव्यशास्त्रानेही हे टिपले होते. ११ व्या शतकातील मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त भावसंधी आणि भावशबलता या संज्ञा येतात. सारख्याच बळाचे दोन भाव एकत्र भेटतात तो भावसंधी. अनेक भाव एकामागून एक उसळून आधीच्याला दाबतात ती भावशबलता. आज ‘आंतरिक संघर्ष’ लिहिताना या संज्ञांची आठवण फारशी कोणाला होत नाही.

याचा सर्वांत मोठा नमुना विदर्भाच्याच खात्यावर आहे. ८ व्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूती स्वतःचे घराणे विदर्भातील पद्मपूरचे असल्याचे सांगतो. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर (आताचा गोंदिया जिल्हा) असे मत मांडले. त्याच्या ‘उत्तररामचरित’ या नाटकाच्या पहिल्या अंकात गर्भवती सीता वनवासातील प्रसंगांची चित्रे पाहते. ती रानं पुन्हा पाहावीत, अशी इच्छा तिला होते. लगेच रथ सांगितला जातो. ती रामाच्या हातावर डोके ठेवून झोपते आणि तेवढ्यात दुर्मुख हा हेर लोकापवादाची बातमी घेऊन येतो. राजा म्हणून राम निर्णय करतो, पण त्याचा हात अजून तिच्या डोक्याखाली आहे. तो हात सोडवून घेतो, झोपलेल्या सीतेचे पाय मस्तकी लावतो आणि रडतो. हौसेसाठी सांगितलेला रथच तिला त्यागाकडे नेतो. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी अदृश्य सीता रामाला पाहते, तेव्हा तिच्या मनात निराशेची अलिप्तता, अन्यायाचा राग आणि प्रेम हे सगळे एकदमच असल्याचे तिच्यासोबतची नदीदेवता तमसा सांगते. भावशबलता शिकवायला दुसरे उदाहरण शोधू नये.

पहिल्या अंकात द्वंद्व विचारांत नाही, रामाच्या हातात आहे. ‘तिच्या मनात विचारांचे काहूर माजले’ हे वाक्य मराठी कथेत इतक्या वेळा आले आहे की त्यातून काहीच कळत नाही. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात आईच्या पाटल्या मोडायला आलेला मुलगा भाव विचारतो, वजन पुन्हा करायला लावतो, पैसे मोजून झाल्यावरही काउंटरवरून हात काढत नाही. एवढे लिहिले तर पुरते.

नागपुरात राहून इंग्रजीचे अध्यापन केलेले महेश एलकुंचवार (जन्म १९३९) यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात (१९८५) ही ओढ पैशाच्या भाषेत येते. वडील गेले आहेत. तेराव्याचे जेवण घराण्याला साजेसे झाले पाहिजे आणि घरात तेवढा पैसा नाही. थोरला भास्कर प्रतिष्ठेला चिकटलेला आहे आणि ती परवडत नाही हेही त्याला कळते. बंद पडलेला ट्रॅक्टर अंगणात गंजत पडला आहे. बोलीचाही यात वाटा आहे: घरची माणसे वऱ्हाडी बोलतात, मुंबईहून आलेली सून प्रमाण मराठी. नागपुरातही ऑफिसात एक आणि घरी ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणणारी दुसरी अशा दोन जिभा बाळगणारी माणसे पुष्कळ, आणि कोणती कधी सुटते यावरून पात्र कोणीकडे झुकले ते कळते.

याच शहरात दोन मुक्तिबोध बंधूंनी दोन भाषांत लिहिले. धाकटे शरच्चंद्र मराठीत कविता आणि कादंबऱ्या लिहीत. थोरले गजानन माधव (१९१७–१९६४) यांची मातृभाषा मराठी, लेखन हिंदीत. १९५८ साली राजनांदगावला जाण्याआधी ते नागपुरात पत्रकारिता करत होते. त्यांच्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत द्वंद्वाची दुसरी बाजू स्वतंत्र माणूस होऊनच येते. अंधारात कोणी तरी येरझाऱ्या घालतो, दाराची कडी वाजवतो. तो निवेदकाचेच पूर्ण, अजून न गवसलेले रूप आहे आणि निवेदकाला ते ओळखूही येते. पण आपल्याच दुबळेपणाचा त्याला लळा आहे, म्हणून तो उठायला उशीर लावतो. दार उघडतो तेव्हा बाहेर रिकामा, अंधारा रस्ता असतो.