प्रकाशोपचार (उन्हाच्या पुरळावरील)

उन्हाने अंगावर उठणारे पुरळ रोखण्यासाठी त्वचेला मोजून अतिनील किरण देण्याची पद्धत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या पुरळाचे नाव ‘पीएमएलई’, म्हणजे बहुरूपी प्रकाशपुरळ, असे असते.

नाशिककडे द्राक्षकाढणीच्या दिवसांत ऊन तापू लागले, की मानेच्या मागे आणि कोपराखाली टाचणीच्या डोक्याएवढ्या, खाजऱ्या पुळ्या दिसू लागतात. ऊन लागल्यावर काही तासांनी उठणारे हे पुरळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत व्रण न ठेवता जाते. सावळ्या कातडीवर त्याचे फिकट चट्टे पडतात. मग कोणी त्याला शिबे समजते, कोणी घामोळे. पण घामोळे कपड्याखालीही येते. हे पुरळ बाही संपते तिथूनच सुरू होते. वर्षभर ऊन खाऊन सरावलेला चेहरा पुष्कळदा सुटतो.

उपचार याच सरावाची नक्कल करतो. उन्हाळ्यापूर्वी, आठवड्यातून तीनदा असे साधारण पाच आठवडे, 311 ते 313 नॅनोमीटरचे यूव्हीबी (आखूड लहरींचे अतिनील) किरण देतात. आधी पाठीवर छोट्या चौकटींत चढत्या मात्रा देऊन दुसऱ्या दिवशी सर्वांत कमी किती मात्रेची चौकट लाल झाली ते पाहतात. त्या मात्रेच्या सुमारे 70 टक्क्यांपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू चढवतात. डोळ्यांवर गॉगल हवाच. मध्येच पुरळ उठले तर मात्रा रोखतात. ल्युपस किंवा पॉर्फिरिया हे उन्हाने बळावणारे दुसरे आजार नाहीत ना, हे मात्र आधी तपासावे लागते.

सोरालेन औषध देऊन यूव्हीए (लांब लहरींचे अतिनील) किरण देण्याची ‘पुवा’ पद्धत आता मागे पडली आहे. तिने मळमळते आणि दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सोरालेन आपल्या बावचीच्या बियांतही असते. बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा घरगुती प्रयोग म्हणूनच महागात पडतो: अंगावर फोड येतात.

नाशिकमध्ये हिवाळ्यातही ऊन असतेच, त्वचेचा सराव पुरता मोडत नाही. त्यामुळे बहुतेकांचे पूर्ण बाह्या आणि यूव्हीए अडवणारे सनस्क्रीन यांवर भागते. गाडीची बाजूची काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरेचसे आत सोडते, हे लक्षात ठेवावे. प्रकाशोपचार उरतो तो दरवर्षी बेजार होणाऱ्यांसाठी. त्याचा परिणामही काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून स्कूटरवर स्कार्फ आणि सनकोटाशिवाय न बसणाऱ्या रुग्णालाही उपचार संपल्यावर रोज थोडे ऊन घ्यायला सांगतात.