सोमवारचे विधेयक: ऑस्ट्रेलियातील अपक्ष खासदार आणि हवामान कायद्याची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिथल्या लोकसभेत, खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, विधेयके सोमवारी मांडली जातात. आपल्याकडे हा मान शुक्रवारच्या दुपारचा. विधेयक मांडणाऱ्या सदस्याला बोलायला जास्तीत जास्त १० मिनिटे मिळतात, मग चर्चा तहकूब होते. त्यानंतर कामकाजाच्या सलग आठ सोमवारी ते पुकारले गेले नाही, तर कार्यसूचीतून आपोआप वगळले जाते. मतदानाला वेळ द्यायचा की नाही, हे बहुमताच्या, म्हणजे एरवी सरकारच्या हातात. नियम स्थगित करून विधेयक चर्चेला आणण्याची सोय आहे, पण पूर्वसूचना न देता तसे करायचे तर सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. जिच्यामागे पक्षच नाही, अशा व्यक्तीने ते कुठून आणायचे?

सोमवार, ९ नोव्हेंबर २०२० रोजी वॉरिंगा मतदारसंघाच्या अपक्ष खासदार झाली स्टेगल यांनी हवामान बदलाचे विधेयक मांडले, ते याच चौकटीत. त्यावर सभागृहात मतदान कधीच झाले नाही. तरीही दोन वर्षांच्या आत ऑस्ट्रेलियात हवामान कायदा झाला आणि त्याच्या कलमांवर अपक्षांच्या कामाचा ठसा आहे. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर दहा वर्षे मागे जावे लागते.

२०१० च्या निवडणुकीत १५० जागांच्या सभागृहात मजूर पक्षाला ७२ जागा मिळाल्या आणि बहुमताला हव्या होत्या ७६. पर्यावरणवादी ग्रीन्स पक्षाचा एक आणि एक अपक्ष असे दोन खासदार आधीच सोबत आले होते. न्यू इंग्लंड मतदारसंघाचे टोनी विंडसर आणि लाइन मतदारसंघाचे रॉब ओकशॉट या दोन ग्रामीण अपक्षांनी ७ सप्टेंबरला मजूर पक्षाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांना पाठिंबा जाहीर केला आणि सरकार उभे राहिले. त्याच महिन्यात बहुपक्षीय हवामान बदल समिती नेमली गेली आणि हे दोघे तिच्यात बसले. अपक्षाच्या दृष्टीने ही जागा फार मोलाची होती. एरवी तयार मसुद्यावर दुरुस्त्या सुचवायच्या, इथे मसुदाच त्यांच्यासमोर घडत होता.

समितीतून निघालेला कायदा १२ ऑक्टोबर २०११ रोजी प्रतिनिधिगृहात ७४ विरुद्ध ७२ मतांनी संमत झाला. १ जुलै २०१२ पासून मोठ्या उत्सर्जकांना हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे २३ ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागू लागले, पुढच्या वर्षी २४.१५. विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांनी २०१३ ची निवडणूक याच मुद्द्यावर लढवून जिंकली आणि जुलै २०१४ मध्ये कार्बनची किंमत रद्द केली.

त्या पॅकेजची आठवण बहुतेक जण किमतीपुरतीच ठेवतात. माझ्या मते खरी कमाई वेगळी होती. कायद्यांच्या त्याच संचातून स्वच्छ ऊर्जा वित्त महामंडळ १,००० कोटी डॉलरच्या भांडवलासह उभे राहिले, नवीकरणीय ऊर्जा संस्था निघाली आणि सरकारला सल्ला देणारे हवामान बदल प्राधिकरण स्थापन झाले. ॲबट सरकारला महामंडळ आणि प्राधिकरण मोडीत काढायचे होते, पण सेनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ते जमले नाही. तिन्ही संस्था कुरतडल्या गेल्या, पण टिकल्या. किंमत ही दरवर्षी बिलात दिसणारी गोष्ट, तिच्याविरुद्ध प्रचार सोपा. स्वतःचा कायदा, मंडळ आणि दिलेली कर्जे असलेली संस्था मोडायची तर दोन्ही सभागृहांत पुरेशी मते लागतात. या संस्था पुढे पुन्हा येतात, म्हणून इथे जरा थांबलो.

विंडसर यांचे दुसरे काम थेट त्यांच्या शेतकरी मतदारांशी जोडलेले होते. दगडी कोळशाच्या थरांतील वायू काढताना आधी भूजल उपसावे लागते, तेव्हा कुठे दाब कमी होऊन वायू सुटतो. या उपशाची झळ शेतीच्या विहिरींना बसण्याची भीती होती. २०१३ च्या दुरुस्तीने अशा वायुप्रकल्पांचा आणि मोठ्या कोळसा खाणींचा जलस्रोतांवर होणारा परिणाम केंद्र सरकारने तपासणे बंधनकारक झाले. ही तरतूद आजही लागू आहे.

नंतरची काही वर्षे हवामान धोरण पंतप्रधानांच्या खुर्च्या हलवण्यापुरते उरले. २०१८ मध्ये पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांना ऊर्जा धोरणावरच्या अंतर्गत बंडानंतर पद सोडावे लागले. १८ मे २०१९ रोजी वॉरिंगात पेशाने बॅरिस्टर असलेल्या आणि नागानो ऑलिंपिकमध्ये स्कीइंगचे कांस्यपदक मिळवलेल्या स्टेगल यांनी २५ वर्षांचे खासदार ॲबट यांना हरवले. अंतिम मोजणीत त्यांना सुमारे ५७ टक्के मते होती. कार्बनची किंमत रद्द करणाऱ्या पंतप्रधानांच्याच जागेवरून आता हवामानाचे विधेयक येणार होते.

विधेयकाचा सांगाडा ब्रिटनच्या २००८ च्या कायद्यावरून आणि न्यूझीलंडच्या २०१९ च्या कायद्यावरून घेतलेला होता. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (जितके सोडायचे तितकेच शोषून घ्यायचे), दर पाच वर्षांचे उत्सर्जन अंदाजपत्रक (त्या काळातील उत्सर्जनाची कमाल मर्यादा), त्यावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र हवामान आयोग, ठरावीक काळाने राष्ट्रीय धोक्यांचे मूल्यमापन आणि त्यावर आधारित अनुकूलन आराखडा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची योजना, असे त्याचे भाग होते. कार्बनची किंमत किंवा कर यांचा त्यात शब्दही नव्हता आणि ही निवड विचारपूर्वक केलेली होती. २०१४ चा अनुभव ताजा होता. शिवाय खासगी विधेयकातून सरकारी तिजोरीतला खर्च प्रस्तावित करता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील कलम ५६ नुसार खर्चाच्या प्रस्तावाला गव्हर्नर-जनरलचा संदेश लागतो, म्हणजे व्यवहारात सरकारची संमती. आपल्या घटनेतील कलम ११७ ची अट याच जातीची. त्यामुळे अपक्षाच्या हाती उरते ती रचना: कोणी, किती दिवसांत, काय मोजायचे आणि कोणापुढे ठेवायचे.

विधेयक मार्च २०२० मध्येच यायचे होते, कोविडमुळे ते लांबले. मांडल्यावर ते पर्यावरण व ऊर्जा विषयक स्थायी समितीकडे गेले आणि समितीकडे साडेसहा हजारांहून अधिक निवेदने आली. सत्ताधाऱ्यांचे बहुमत असलेल्या समितीने ते संमत करू नये अशी शिफारस केली. पुढे मतदान न होताच विधेयक संपले.

निकाल असा लागला तरी त्या निवेदनांचे महत्त्व कमी होत नाही. समितीपुढे आलेली निवेदने संसदेच्या नोंदीत राहतात. उद्योगसंघटना, कामगार संघटना, डॉक्टर, शेतकरी यांनी कोणत्या तरतुदीला हरकत घेतली आणि कोणती चालेल म्हटले, हे लेखी स्वरूपात जमा झाले. पुढचा कायदा लिहिणाऱ्याला कोऱ्या कागदावरून सुरुवात करावी लागली नाही. भारतातही खासगी विधेयकाची वाट बिकटच आहे. आजवर अशी १४ च विधेयके कायदा झाली आणि शेवटचे १९७० साली.

त्याच काळात व्हिक्टोरियाच्या ईशान्येतील इंडी मतदारसंघाच्या हेलन हेन्स वेगळ्या बाजूने काम करत होत्या. व्यवसायाने परिचारिका आणि ग्रामीण आरोग्याच्या संशोधक असलेल्या हेन्स २०१९ मध्ये कॅथी मॅकगोवन यांच्यानंतर निवडून आल्या. एका अपक्षाची जागा दुसऱ्या अपक्षाने घेण्याचा संघीय संसदेतील तो पहिलाच प्रसंग. त्यांच्या मतदारसंघातील यॅकंडांडासारख्या गावांनी स्वतःच्या सौर विजेचे आणि सामुदायिक बॅटरीचे प्रयोग चालवले होते. अडचण तंत्रज्ञानाची नव्हती. गावाच्या समितीला व्यवहार्यता अहवाल, जोडणीचा अर्ज, वीज वितरण कंपनीशी करार आणि कर्जाची हमी हे सगळे स्वयंसेवकांच्या बळावर करावे लागते. मोठ्या प्रकल्पाच्या खर्चात ही कामे सहज सामावतात, पण छोट्या प्रकल्पाचा निम्मा दम तिथेच जातो. सोमवार, २२ फेब्रुवारी २०२१ रोजी हेन्स यांनी स्थानिक वीज संस्थेचे विधेयक मांडले. गावांना तांत्रिक मदत मिळावी, छोट्या प्रकल्पांना हमी मिळावी आणि ग्रामीण भागात येणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत स्थानिकांना २० टक्क्यांपर्यंत हिस्सा विकत घेण्याची संधी द्यावी, असा त्याचा आशय होता. याही विधेयकाविरुद्ध समितीने शिफारस केली. यातला स्थानिक हिश्श्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या शेताशेजारून उच्चदाब वाहिनी जाणार, त्यांना नफ्यात वाटा नसेल तर विरोध होणारच. हे महाराष्ट्रात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांजवळ राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

२१ मे २०२२ च्या निवडणुकीत चित्र पालटले. प्रतिनिधिगृहात १० अपक्ष आले आणि त्यांतील बहुतेकांनी हवामान हाच मुख्य मुद्दा केला होता. पण मजूर पक्षाने ७७ जागा घेऊन निसटते बहुमत मिळवले, म्हणजे २०१० सारखी नड नव्हती. त्यात भर म्हणजे नव्या पंतप्रधानांनी अपक्षांचे जादा सल्लागार प्रत्येकी चारवरून एकावर आणले. ही कपात बाहेरून किरकोळ दिसते. आठवड्यात येणारी सगळी विधेयके स्वतः वाचून भूमिका ठरवायची असते, पक्षाचे टिपण हाताशी नसते. तिथे तीन माणसे कमी होणे म्हणजे अनेक दुरुस्त्या कधी लिहिल्याच न जाणे.

सरकारने २७ जुलै २०२२ रोजी स्वतःचे विधेयक आणले: २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४३ टक्के घट आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य. स्टेगल यांची मागणी ६० टक्क्यांची होती, ती मान्य झाली नाही. पाच वर्षांची अंदाजपत्रकेही आली नाहीत. बाकीची रचना मात्र ओळखीची होती. मंत्र्यांनी दरवर्षी संसदेत हवामान निवेदन द्यायचे आणि त्यात प्रगतीबरोबर धोरणांची परिणामकारकताही मांडायची. लक्ष्यांबाबत स्वतंत्र संस्थेचा सल्ला घ्यायचा आणि तो नाकारला तर कारणे लेखी पटलावर ठेवायची. ही संस्था म्हणून स्टेगल यांना नवा आयोग हवा होता. सरकारने विंडसर–ओकशॉट काळातले हवामान बदल प्राधिकरणच पुन्हा उभे केले. हेन्स यांच्या आग्रहाने सल्ल्यात ग्रामीण आणि प्रादेशिक भागाच्या लाभाचा विचार आला. नवे लक्ष्य आधीच्यापेक्षा खाली नेता येणार नाही, हेही कायद्यात स्पष्ट झाले. ४ ऑगस्टला प्रतिनिधिगृहाने ते ८९ विरुद्ध ५५ मतांनी आणि ८ सप्टेंबरला सेनेटने ३७ विरुद्ध ३० मतांनी संमत केले.

सेनेटचे गणित वेगळे होते. ७६ जागांत मजूर पक्षाच्या २६ आणि ग्रीन्सच्या १२, एकूण ३८; हव्यात ३९. उरलेले एक मत अनेकदा कॅनबेराचे अपक्ष सेनेटर, माजी रग्बी कर्णधार डेव्हिड पोकॉक यांचे असे. डिसेंबर २०२२ मध्ये नैसर्गिक वायूच्या दरावर गिगाज्यूलमागे (ऊर्जेचे एकक) १२ डॉलरची मर्यादा घालण्यासाठी संसद एका दिवसासाठी बोलावली गेली. पोकॉक आणि ग्रीन्स यांनी पाठिंबा देताना घरांतील वायूची उपकरणे विजेवर नेण्यासाठी मदत मागितली. मे २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १३० कोटी डॉलरचा निधी आला. त्यातले १०० कोटी स्वस्त कर्जांसाठी गेले स्वच्छ ऊर्जा वित्त महामंडळाकडे, म्हणजे २०१४ मध्ये मोडता मोडता वाचलेल्या संस्थेकडेच.

स्टेगल यांच्या विधेयकातील धोक्यांचे मूल्यमापन २०२२ च्या कायद्यात नव्हते, पण पहिले राष्ट्रीय हवामान धोका मूल्यमापन सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात प्राधिकरणाच्या सल्ल्यानंतर २०३५ साठी ६२ ते ७० टक्के घटीचे लक्ष्य जाहीर झाले. हे मूल्यमापन सरकारने प्रशासकीय निर्णयाने केले आहे. पुढच्या सरकारने ते पुन्हा केलेच पाहिजे, असे बंधन त्या कायद्यात नाही.

विंडसर यांच्या न्यू इंग्लंडचे प्रतिनिधित्व २०१३ पासून बार्नाबी जॉइस करतात. त्यांनी २०२५ मध्ये निव्वळ शून्याचे लक्ष्य रद्द करणारे खासगी विधेयक मांडले. दिवस सोमवारचाच होता, २८ जुलै.