खुलासा : शाश्वत उत्पादन केवळ नव्या यंत्रांनी साधत नाही

पर्यावरणपूरक उत्पादन म्हणजे महागडी यंत्रे आणि मनुष्यबळ विभागाचे काम हजेरी-पगारापुरते, हा लहान कारखान्यांतला जुना समज चुकीचा आहे. कोल्हापुरातल्या एखाद्या फाउंड्रीचे (धातू वितळवून साच्यांत ओतणाऱ्या कारखान्याचे) उदाहरण घ्या: तेथे सर्वाधिक ऊर्जा धातू वितळवण्यात खर्च होते, आणि विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीचे झाकण किती वेळ उघडे राहते, भंगारासोबत वाळू व गंज किती आत जातो, वितळलेला धातू साच्यांची वाट पाहत किती वेळ तापत ठेवावा लागतो, हे बव्हंशी पाळीवरच्या कामगारांच्या कौशल्यावर आणि आपसांतील समन्वयावर अवलंबून असते. नाकारलेले कास्टिंग (साच्यातून निघालेला ओतीव भाग) पुन्हा वितळवताना तीच वीज दुसऱ्यांदा जळते. त्यामुळे केवळ टनावर दिलेला बोनस उलटे फळ देतो. तो नाकारलेल्या मालाच्या प्रमाणाशी आणि प्रतिटन वीजवापराशी जोडणे अधिक योग्य. कंत्राटी कामगारांना प्रशिक्षणातून वगळणे (काटकसर म्हणून अनेक मालक हेच करतात) तर सर्वांत महाग पडते, कारण भट्टीजवळ बहुधा तेच उभे असतात.