घरगुती संगणकांच्या किमती (ब्रिटन, १९८० ते १९८६)

सामान्य कुटुंबाला परवडतील असे छोटे संगणक ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले. जाहिरातीतली किंमत आणि यंत्र घरात खरोखर कामाला लागेपर्यंत होणारा खर्च यांत मात्र मोठी तफावत असे. खिसा हलका होई तो मुख्यतः जोडसाधनांपायी.

सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स८० हा संगणक १९८० साली ९९.९५ पौंडांना तयार मिळे. सुटे भाग आणून स्वतः डाख देऊन जोडायची तयारी असेल तर ७९.९५ पौंडांना. पुढच्याच वर्षीच्या झेडएक्स८१ने हे आकडे ६९.९५ आणि ४९.९५ वर आणले. या स्वस्ताईमागे खरी कारागिरी होती. आधीच्या यंत्रात २१ चिप लागत. फेरँटी कंपनीने बनवलेल्या एका खास चिपमुळे तेच काम ४ चिपांत होऊ लागले. पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला घरचाच कॅसेट रेकॉर्डर चाले, त्यामुळे तेवढा खर्च वाचे.

पण झेडएक्स८१ची मेमरी होती जेमतेम १ केबी (किलोबाइट). जरा मोठा प्रोग्राम लिहायचा तर १६ केबीचा रॅम पॅक, म्हणजे बाहेरून लावायची जादा मेमरी, घ्यावाच लागे, आणि तो सुरुवातीला ४९.९५ पौंडांना होता, म्हणजे तयार संगणकाच्या किमतीच्या सत्तर टक्क्यांहून जास्त. एवढे मोजूनही पॅक यंत्राच्या मागे नुसता खोचलेला असे. टाइप करताना हात जोरात पडला की तो हले, जोड सुटे आणि मेमरीत असलेले सगळे काम पुसले जाई. लोक तो चिकटपट्टीने पक्का करून ठेवत. कंपनीचा प्रिंटरही ४९.९५ पौंडांचाच. चार इंच रुंदीच्या चंदेरी कागदावरचा ॲल्युमिनियमचा थर ठिणगीने जाळून तो एका ओळीत ३२ अक्षरे उमटवी. साधा कागद त्याला चालत नसे, म्हणून ते खास रीळ पुन्हापुन्हा विकत आणावे लागे.

१९८२च्या एप्रिलमध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम १६ केबी मेमरीसह १२५ आणि ४८ केबीसह १७५ पौंडांना होता. वर्षभरात या किमती ९९.९५ आणि १२९.९५ वर उतरल्या. कॅसेटच्या संथपणाला कंटाळलेल्यांसाठी १९८३ साली मायक्रोड्राइव्ह हे प्रोग्राम साठवण्याचे अधिक वेगवान साधन निघाले: ड्राइव्ह ४९.९५ पौंड, तो जोडण्यासाठी लागणारा इंटरफेस आणखी ४९.९५. या दोन वस्तू सुट्या-सुट्या घेतल्या की १६ केबीच्या स्पेक्ट्रमइतकेच पैसे पुन्हा जात. ॲकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक मजबूत आणि महागडा. त्याचे मॉडेल बी आधी ३३५, नंतर ३९९ पौंडांना झाले. शाळांना सरकारी अनुदान असल्यामुळे तो तिथे पोहोचला. भारतातही १९८४च्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता योजनेत हेच यंत्र निवडले गेले.

अमेरिकेत किमतींची लढाई अधिक निर्दय होती. कमोडोर ६४ हा १९८२ साली ५९५ डॉलरला आला आणि पुढच्या वर्षी २०० डॉलरच्या आसपास घसरला. चिप बनवणारी कंपनी कमोडोरच्या मालकीची असल्याने तिला हे झेपले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए मात्र ५२५ वरून ९९ डॉलरवर आला आणि ऑक्टोबर १९८३मध्ये कंपनीने या धंद्यातून काढता पाय घेतला. कमोडोरच्या १५४१ डिस्क ड्राइव्हची सुरुवातीची किंमत ३९९ डॉलर होती. ती अवाजवी वाटते, पण त्या डब्यात स्वतंत्र प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी होती. एका अर्थी तो दुसरा संगणकच.

सुटी साधने विकण्याची ही रीत ब्रिटनमध्ये मोडली ती ॲमस्ट्रॅडने. १९८४च्या सीपीसी ४६४मध्ये कीबोर्डशेजारीच कॅसेट रेकॉर्डर बसवलेला होता आणि हिरव्या पडद्याचा मॉनिटर धरून किंमत होती २४९ पौंड. पुढच्या वर्षीच्या पीसीडब्ल्यू ८२५६मध्ये तर मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह आणि प्रिंटर मिळून कर वगळता ३९९ पौंड पडत. एप्रिल १९८६मध्ये ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पौंडांना विकत घेतला आणि त्याच वर्षी १४९ पौंडांचा स्पेक्ट्रम +२ काढला. त्यातही कॅसेट रेकॉर्डर आतच होता.