जांभ्या मातीतला सुगंध

अंगणात वृंदावन आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेला गवती चहा नाही, असं जुनं घर गोव्यात शोधावं लागेल. या दोघांना कुणी ‘खत घातलं’ असं लहानपणी मी कधी ऐकलं नाही. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, झाडून काढलेला पातेरा त्यांच्या बुंध्याशी जायचा आणि तेवढ्यावर ती वाढायची. आज कुंडीत पुदिना किंवा तुळस लावणारे सेंद्रिय खताची चौकशी करतात, त्या प्रश्नाचं मूळ आपल्या मातीत आहे.

गोव्याची डोंगरउतारावरची माती जांभ्याची. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. हजारो वर्षांच्या अशा पावसाने चुना आणि पालाश (पोटॅश) धुऊन नेलं. मागे उरली ती लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. म्हणून ही माती लाल आणि आम्लधर्मी. स्फुरद (फॉस्फरस) घातला तरी ती तो घट्ट धरून ठेवते, मुळांना सोडत नाही. पालापाचोळा कुजताना जी आम्लं सुटतात ती लोह-ॲल्युमिनियमला गुंतवतात आणि स्फुरद मोकळा होतो. जांभ्यात शेणखताला पर्याय नाही असं मी म्हणतो ते यामुळेच.

आपल्या कुळागरांनी हे पिढ्यान् पिढ्या केलं. फोंडा, सत्तरी, सांगे भागात माड, पोफळी, केळी, मिरी एकाच सावलीत. झावळ्या आणि केळीचे खुंट तिथेच कुजणार. एप्रिलमध्ये कुळागरात बोट खुपसलं तर पेरभर आत जातं, माती काळी आणि ओलसर लागते. तिथून दहा पावलं वर, उघड्या उतारावर, खुरपं खणखणतं. किनाऱ्याकडे माडाच्या आळ्यात तारले (बारीक मासळी) पुरायची रीत होती.

ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काडीकचरा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून कंपोस्टची पद्धत बसवली. त्यात आपल्या घरच्या उकिरड्याचीच ओळख पटते, फक्त मोजमाप आणि ढीग परतण्याची शिस्त नवी. १९७३ मध्ये झुआरीनगरला खतकारखाना सुरू झाला आणि पोत्यातलं खत दारात आलं. पण हॉवर्ड यांचं १९४० सालचं पुस्तक पुढे म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसने पुन्हा छापलं, याचं मला मनापासून कौतुक आहे. २००१ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आला, २०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना.

सुगंधी झाडांचं गणित भाताहून वेगळं. तुळशीचा वास पानावरच्या बारीक तैलग्रंथींत असतो. नत्राचा (नायट्रोजनचा) मारा केला की पानं रुंद, लुसलुशीत होतात, पण वास त्या मानाने वाढेलच असं नाही. वाळ्याचं तेल तर मुळांत. कडक जांभ्यात ती खणताना तुटतात, कंपोस्ट मुरलेल्या भुसभुशीत मातीतून अख्खी निघतात. कच्चं शेण मात्र नको, त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

काजूच्या हंगामात भट्टीवर बोंडूंचा रस काढून झाला की चोथा उरतो. तो आंबट असतो आणि लगेच आंबतो, त्यामुळे थेट झाडाला घालू नये. शेण, सुका पातेरा आणि राख यांच्या थरांत ढिगाला लावून मेमध्ये दोनतीनदा परतला, तर पावसाळा सरेपर्यंत कुजून जातो. आमच्या गवती चह्याच्या जुडग्याला दिवाळीनंतर तोच घालतो.