वाड्यांचे जतन व अंतर्गत रचना

वाड्यांचे जतन म्हणजे पेशवाई व त्यानंतरच्या काळात पुणे, नाशिक, सातारा, वाई या भागांत बांधलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांची मूळ पद्धतीने दुरुस्ती करून ती आजच्या राहणीला सोयीची करणे. वाड्यात सजावट आणि बांधकाम वेगळे काढता येत नाही. खांब, तुळया, कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेले छत), कोनाडे, फडताळे (भिंतीतले फळ्यांचे कप्पे) हीच इथली शोभा आणि घराचा भारही त्यांतल्याच लाकडावर. त्यामुळे अंतर्गत रचनेचा विचार रंगापासून नव्हे, लाकूड आणि भिंत तपासण्यापासून सुरू करावा लागतो.

वाड्याचे जोते, म्हणजे पायावरचा चौथरा, घडीव दगडाचे, वर सागवानी चौकट आणि खांबांच्या मधल्या खणांत विटा किंवा पांढऱ्या मातीची भिंत. अशी माती पाण्यात टिकत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे त्यामुळेच बसले. पुढे गोठलेली भाडी, वारसांचे वाद आणि जागेचे वाढते भाव यांनी उरलेल्यांची दुरुस्ती थांबली.

सर्वांत मोठे नुकसान मात्र दुरुस्तीच्या नावाखाली होते. ओल आली की सिमेंटचा गिलावा करतात. मातीची किंवा चुन्याची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. सिमेंट ती वाट बंद करते. मग ओल वर चढते, खार फुटतो आणि भिंतीत दडलेला खांब कुजू लागतो. बाहेरून सारे गुळगुळीत दिसत असल्याने हे वर्षानुवर्षे कळत नाही. पीओपीचे खोटे छतही असेच घातक: कडीपाटावरची गळती आणि वाळवी त्याआड बिनबोभाट वाढते.

चुन्याचे काम वेळखाऊ आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून बरेच दिवस मुरवतात, गाळतात आणि वाळू व विटांचा चुरा घालून घाणीत, म्हणजे चुना मळण्याच्या चक्कीत, मळतात. बैलाची घाणी जाऊन आता यंत्राची आली, पण मळण्याला पर्याय नाही. मिश्रणात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत आहे. गिलावा पातळ थरांत चढवून ओला ठेवतात आणि शेवटचा हात गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटलेल्या चुन्याला जी मंद झळाळी येते, तिच्यापुढे कोणताही महागडा रंग फिका वाटतो.

खांब बहुधा तळखड्याजवळ, म्हणजे बुडाशी असलेल्या दगडाजवळ, कुजतो. तुळईला टेकू देऊन तेवढाच भाग कापतात आणि मुरलेल्या सागाचा तुकडा सांधा करून लाकडी खुंट्यांनी बसवतात. अख्खा खांब बदलण्याची गरज क्वचितच पडते. पाडलेल्या वाड्यांचे कोरीव खांब व दरवाजे विकत घेऊन नव्या बंगल्यांत लावण्याची हौस वाढली आहे. तिला जतन म्हणता येणार नाही.

नव्या सोयी बसवताना खरी कल्पकता लागते. न्हाणीघर व शौचालय शक्यतो तळमजल्यावर, मागच्या चौकाजवळ घ्यावे. लाकडी माडीवर पाण्याचा भार नको. विजेच्या तारा भिंत न खोदता वरून नेलेल्या बऱ्या. फडताळांना दारे लावली की कपाटे होतात, कोनाड्यात दिवे बसतात, ओसरीवर अभ्यासाची जागा निघते. चौकावर मात्र पत्रा टाकू नये. उजेड तिथूनच येतो आणि गरम हवाही तिथूनच वर निघून जाते.

दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातील विश्रामबागवाडा वापर बदलूनही वास्तू टिकते याचा ठळक दाखला आहे. तिथे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ मध्ये वाड्याला आगीची झळ बसली आणि पुढे सरकारी व पालिकेची कार्यालये आली. सुरूच्या झाडाच्या आकाराचे त्याचे दर्शनी खांब आजही रस्त्यावरून पाहता येतात. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांच्या वाड्यात जुनी भित्तिचित्रेही आहेत. रंगाच्या थरांखाली अशी चित्रे दडलेली असू शकतात, म्हणून जुनी भिंत खरवडण्याआधी एखादा कोपरा जाणकाराकडून उघडून पाहणे आवश्यक ठरते.